एलडीपीसी डिकोडर: आलेख उतरता उतरता आडवा झाला तर काय तपासायचं

एलडीपीसी हा पाठवलेल्या बिटांतल्या चुका सुधारणारा कोड. त्याच्या पॅरिटी मॅट्रिक्समधली प्रत्येक ओळ म्हणजे एक चेक आणि प्रत्येक स्तंभ म्हणजे एक बिट; डिकोडर फेरीमागून फेरी त्यांच्यात संदेश फिरवून बिट ठरवतो. तो अडला की लक्षण नेहमी एकच असतं. सिग्नल थोडाथोडा वाढवत गेलं की फ्रेम चुकण्याचं प्रमाण आधी रेंगाळतं, मग धाडकन कोसळतं: दहात एक, हजारात एक, लाखात एक. मग कुठेतरी, बहुधा लाखात एक ते कोटीत एक या टप्प्यात, आलेख वळतो आणि जवळजवळ आडवा होतो. आणखी अर्धा डेसिबल दिला तरी चुका जेमतेम निम्म्या होतात. यालाच एरर फ्लोर म्हणतात. स्वस्तातला मिन-सम डिकोडर (चेकचा संदेश फक्त सगळ्यात लहान परिमाणावरून काढणारा), आखूड ब्लॉक आणि कमी बिटांचे संदेश अशी त्रयी जमली की हा फ्लोर हमखास भेटतो.

त्यावर जवळपास प्रत्येकाचा पहिला उपाय म्हणजे फेऱ्या वाढवणं. २० च्या ५०, ५० च्या २००. आलेख हलत नाही. दुसरा उपाय म्हणजे मिन-सम काढून त्या जागी पूर्ण सूत्राने संदेश काढणारा सम-प्रॉडक्ट बसवणं. त्याने फ्लोर कधी जातो, कधी जात नाही, आणि गेला तरी का गेला ते कळत नाही. म्हणून पुढच्या कोडला तो परत हजर.

कारणं तीन वेगळ्या ठिकाणी असू शकतात: मोजणीत, डिकोडरच्या अंकगणितात किंवा पॅरिटी मॅट्रिक्समध्ये. आलेखावर तिन्ही सारखीच दिसतात, म्हणून आलेखाकडे बघत बसण्यात अर्थ नाही. चुकलेल्या फ्रेम उघडून बघाव्या लागतात, आणि खाली सांगितलेलं बहुतेक सगळं त्याभोवतीच फिरतं.

आधी मोजणी

कोडिंग पूर्ण बंद करा, साधं बीपीएसके (एका चिन्हाला एक बिट, अधिक किंवा उणे) पाठवा आणि बिट चुकण्याचं प्रमाण मोजा. ईबी/एनझिरो (एका बिटाची ऊर्जा भागिले गोंगाटाची घनता) ६.८ डेसिबल असताना हजारात एक आणि ९.६ डेसिबल असताना लाखात एक बिट चुकला पाहिजे. हे आकडे जुळले नाहीत तर पुढचं काही करू नका. जुळले, तर कोडिंग चालू केल्यावर गोंगाटाच्या सूत्रात कोडचा दर (एकूण बिटांत माहितीच्या बिटांचा वाटा) धरला आहे ना ते बघा: सिग्मा वर्ग = १ ÷ (२ × दर × ईबी/एनझिरो). दर १/२ असताना तो विसरला तर आलेख ३.०१ डेसिबलने सरकतो. या दराला बीपीएसकेची सैद्धांतिक मर्यादा ०.१९ डेसिबलच्या आसपास आहे आणि स्तंभात ३, ओळीत ६ एके असलेल्या नियमित कोडची मर्यादा अनंत लांबीलाही १.११ डेसिबल आहे. तुमचा आलेख त्याच्या डावीकडे कोसळत असेल तर आनंदून जाऊ नका, सूत्र तपासा.

मग चुकांची संख्या. एखाद्या बिंदूवर १०० चुकलेल्या फ्रेम जमल्या असतील तर अंदाजात साधारण १० टक्के डळमळ असते. चारच जमल्या असतील तर ती ५० टक्के होते, आणि अशा दोन शेजारच्या बिंदूंमधून ओढलेली रेघ आडवी दिसली काय, उभी दिसली काय, तिला किंमत नाही. एकही चूक न होता एन फ्रेम गेल्या असतील तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की प्रमाण ३ ÷ एन पेक्षा कमी आहे. दहा लाखांत एकपर्यंत जायचं असेल तर दहा कोटी फ्रेम चालवायची तयारी हवी. कित्येक ‘फ्लोर’ इथेच विरघळतात.

समांतर चालवताना प्रत्येक प्रक्रियेला वेगळं बीज (यादृच्छिक संख्या जिथून सुरू होतात तो आकडा) दिलंय ना? सगळ्यांना एकच बीज असेल तर तोच गोंगाट सोळा ठिकाणी सोळा वेळा चालतो आणि एक चूक सोळा म्हणून मोजली जाते. यादृच्छिक संख्याही बघा. बॉक्स-म्युलर पद्धतीला फक्त १५ बिटांची संख्या दिली तर ती साडेचार सिग्माच्या थोडं पुढे जाऊच शकत नाही. ३२ बिट दिले तर ६.६६ सिग्मापर्यंत पोचते. फ्लोरमधल्या चुका गोंगाटाच्या टोकाच्या किमतींवर जगतात. टोक कापलं गेलं तर आलेख खऱ्यापेक्षा छान दिसतो आणि हार्डवेअरवर गेल्यावर फ्लोर ‘अचानक’ उगवतो.

शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त फसवते: सगळे शून्य असलेला कोडशब्द पाठवून चाचणी घेणं. सिद्धांतात ते चालतं, कारण डिकोडर सममित आहे असं गृहीत धरलेलं असतं. प्रत्यक्षातला फिक्स्ड पॉइंट (ठरलेल्या बिटांच्या पूर्णांकांत हिशेब करणारा) डिकोडर सममित असेलच असं नाही. टूज कॉम्प्लिमेंटमध्ये (ऋण संख्या लिहायची संगणकाची नेहमीची पद्धत) ६ बिटांत −३२ ते ३१ बसतं. −३२ चं निरपेक्ष मूल्य घ्यायला गेलात तर ३२ मावत नाही आणि परत −३२ मिळतं. मिन-समचा संदेश पाऊणपट करण्यासाठी संख्येतून तिचा दोन जागा उजवीकडे सरकवलेला भाग वजा केला तर ५ चे ४ होतात, पण −५ चे −३ होतात, कारण उजवीकडे सरकवताना ऋण संख्या खालच्या बाजूला झुकते. त्यात शून्य एलएलआर (बिट ० की १ हे चिन्हाने आणि त्यावरचा भरवसा परिमाणाने सांगणारा आकडा) आला की डिकोडर मुकाट्याने बिट ० धरतो. सगळे शून्य पाठवले असतील तर यातल्या काही गोष्टी तुमच्या बाजूने काम करतात आणि दोष झाकला जातो. खऱ्या एन्कोडरमधून निघालेले यादृच्छिक कोडशब्द पाठवून तोच बिंदू पुन्हा मोजा. दोन्ही निकालांत फरक आला तर चूक सापडली: चिन्ह आणि परिमाण वेगळे ठेवा, म्हणजे हा सगळा वर्ग एकदम निकालात निघतो.

चुकलेली फ्रेम टाकून देऊ नका

मोजणी निर्दोष असेल तर सिम्युलेटरमध्ये एक छोटी भर घाला. प्रत्येक चुकलेल्या फ्रेमसाठी बीज (म्हणजे तोच गोंगाट परत काढता येईल), शेवटी चुकीचे राहिलेले बिट कोणते, आणि शेवटच्या दहाएक फेऱ्यांत किती चेक असमाधानी राहिले (म्हणजे त्यांची पॅरिटी जुळली नाही), एवढं नोंदवा. फ्लोरच्या भागात पन्नासेक फ्रेम जमल्या तरी चित्र स्पष्ट व्हायला लागतं.

सिंड्रोम शून्य (म्हणजे सगळे चेक समाधानी), तरी बिट चुकीचे: डिकोडर दुसऱ्याच खऱ्या कोडशब्दावर जाऊन थांबला. म्हणजे कोडमध्ये कमी वजनाचे कोडशब्द आहेत. डिकोडर कितीही सुधारला तरी हे जाणार नाही, दोष मॅट्रिक्समध्ये आहे. मात्र आधी एक खात्री करा, की डिकोडर खरंच सिंड्रोम बघून थांबतो. काही स्वस्त रचनांमध्ये ‘दोन फेऱ्यांत एकही चिन्ह बदललं नाही की थांब’ असा नियम असतो. लेयर्ड डिकोडरमध्ये (जो ओळी एकामागून एक घेतो) ओळी तपासता तपासताच बिट बदलत असतात, त्यामुळे पहिल्या ओळीचं समाधान शेवटच्या ओळीपर्यंत टिकलेलं नसतं. अशा वेळी थांबणंच खोटं असतं आणि बिचाऱ्या मॅट्रिक्सवर आळ येतो.

मोजके बिट चुकीचे, मोजके चेक असमाधानी, आणि ती संख्या फेरीमागून फेरी तशीच: हा ट्रॅपिंग सेट. फ्लोरचं सगळ्यात नेहमीचं रूप हेच.

असमाधानी चेकची संख्या हेलकावे खाते, ४, ११, ६, १२, ४: हा दोलायमान प्रकार. यात अंकगणिताचा किंवा फेऱ्यांच्या क्रमाचा हात असण्याची शक्यता जास्त.

आणि शेकड्यांनी बिट चुकीचे असतील तर तो फ्लोर नव्हेच. एकतर गोंगाट खरोखर जास्त होता, नाहीतर डिमॉड्युलेटरकडून येणारे एलएलआरच अधूनमधून बिघडत आहेत. इंटरलीव्हरची (बिटांचा क्रम मिसळणाऱ्या भागाची) सीमा, फ्रेमचा पहिला-शेवटचा तुकडा असल्या जागा बघा.

तीच फ्रेम, तोच गोंगाट, दुसरा डिकोडर

आता सगळ्यात उपयोगी चाचणी. नोंदवलेली बीजं घ्या आणि त्याच फ्रेम फ्लोटिंग पॉइंटच्या मिन-सममधून चालवा. तोच पाऊणपटीचा गुणक, तेवढ्याच फेऱ्या, फक्त संदेशांना मर्यादा नाही. बहुतेक फ्रेम सुटल्या तर दोष अंकगणितात. तेच बिट तसेच अडकले तर दोष मॅट्रिक्समध्ये. दोन्हीचं मिश्रण आलं तर आधी अंकगणित दुरुस्त करा, कारण त्याला खर्च कमी आणि त्यानंतर उरलेल्या फ्रेमच मॅट्रिक्सबद्दल खरं बोलतात.

सम-प्रॉडक्टशी तुलना करणार असाल तर एक सावधगिरी. टॅन-एचवाल्या सूत्रात डबल प्रिसिजनला एलएलआर ३८ च्या पुढे गेला की टॅन-एचची किंमत पूर्णांक १ होते, सिंगल प्रिसिजनला १८ च्या पुढेच. तिथे उलट फल अनंत येतं, म्हणून लोक कापाकापी करतात, आणि त्या कापण्यानेच एक नकली फ्लोर तयार होतो. ‘आदर्श’ डिकोडरलाही फ्लोर दिसला म्हणजे कोडच वाईट, असा निष्कर्ष त्यावरून काढू नका. लघुगणकातलं रूप वापरा. त्यात ही अडचण येत नाही.

अंकगणितात काय बिघडतं

मिन-सम लोकांना का आवडतो ते समजण्यासारखं आहे. ओळीत २० बिट असतील आणि संदेश ६ बिटांचा असेल तर सगळे संदेश साठवायला १२० बिट लागतात. मिन-सममध्ये सगळ्यात लहान परिमाण, त्याच्या पुढचं परिमाण, लहानातल्या लहानाची जागा आणि २० चिन्हं एवढंच ठेवायचं: ५ + ५ + ५ + २० म्हणजे ३५ बिट. अशी बचत झाली की माणूस आणखी एखादा बिट कापायला बघतो, आणि तिथून त्रास सुरू होतो.

लेयर्ड डिकोडरमध्ये सर्वांत जास्त वेळा सापडणारी जागा सांगतो. त्यात प्रत्येक बिटाची एकत्रित बेरीज एका मेमरीत असते. ओळ तपासायला घेताना त्या बेरजेतून त्याच ओळीने मागच्या फेरीत दिलेला संदेश वजा करायचा, नवा काढायचा, परत मिळवायचा. समजा बेरजेची मेमरीही ६ बिटांचीच ठेवली, म्हणजे कमाल ३१. इतर चेकचं मिळून मत +२५ आहे आणि या ओळीने +२० दिले. बेरीज ४५, पण मेमरीत ३१. पुढच्या फेरीला ३१ मधून २० वजा केले की इतरांचं मत ११ उरतं. २५ चे ११ झाले, कुणाचंही मत बदललेलं नसताना! बिट बरोबर असतानाच त्याच्यावरचा विश्वास डिकोडर स्वतःच कमी करत राहतो. उपाय साधा आहे: बेरीज संदेशापेक्षा रुंद ठेवायची. स्तंभात ३ एके असतील तर चॅनेलचा एक आणि चेकचे तीन असे चार आकडे, प्रत्येकी कमाल ३१, म्हणजे १२४. ८ बिट पुरतात. जड स्तंभांना याहून जास्त लागतात. एक-दोन बिटांची ही काटकसर कधीच परवडत नाही, हे माझं ठाम मत आहे.

दुसरी जागा संदेशांची कमाल मर्यादा. ती नीट कळायला ट्रॅपिंग सेटच्या आत काय चालतं ते बघावं लागतं.

स्तंभात ३ एके असलेल्या कोडमधला (५,३) ट्रॅपिंग सेट घ्या: ५ बिट आणि त्यांना एकदाच स्पर्श करणारे ३ चेक. पाच बिटांच्या १५ कडा (बिटाला चेकशी जोडणाऱ्या रेषा). त्यातल्या ३ त्या तीन चेककडे जातात, उरलेल्या १२ कडा ६ चेकमध्ये दोन-दोन करून. हे पाचही बिट एकदम उलटले तर त्या ६ चेकना काहीच खटकत नाही, कारण दोन चुका मिळून पॅरिटी जुळते. ही चावडीवरची चौकडी आहे: एकाने थाप मारायची आणि उरलेल्यांनी ‘हो, आम्हीही तेच ऐकलं’ म्हणायचं. बोंब मारतात ते फक्त बाहेरचे ३ चेक. चौकडीच्या कडेला असलेल्या बिटाला आतून दोन चुकीचे संदेश येतात आणि बाहेरून एक बरोबर. सगळे मर्यादेला टेकले की हिशेब असा: −३१ −३१ +३१ आणि चॅनेलचे समजा +८, एकूण −२३. बिट चुकीचाच राहतो, आणि २०० फेऱ्या चालवल्या तरी हा हिशेब तसाच राहतो. फेऱ्या वाढवून काही होत नाही ते यामुळे.

पण मर्यादा नसती तर? चौकडीबाहेरच्या जाळ्यात सगळे बिट बरोबर आहेत, तिथले संदेश दर फेरीला साधारण दुपटीने वाढतात. चौकडीतले चुकीचे संदेशही वाढतात, पण बाहेरचे तीन चेक त्यांना सतत ओढून धरत असल्यामुळे वाढीचा वेग कमी पडतो. पुरेशी जागा मिळाली तर बाहेरचा संदेश त्यांना गाठतो आणि बिट उलटतो. म्हणून इथे अचूकतेपेक्षा आवाका महत्त्वाचा. ६ बिटांत लहान किमतींना समान पायऱ्या ठेवायच्या आणि एका उंचीच्या पुढे पायरी दर वेळी काही पटीने मोठी करायची. मिन-सममध्ये परिमाणांची फक्त तुलना होते, त्यामुळे चेक नोडला अशा असमान पायऱ्यांचा काहीच त्रास नाही; बेरीज करताना व्हेरिएबल नोडमध्ये (म्हणजे बिटाच्या हिशेबात) तेवढा एक छोटा तक्ता लागतो. एवढ्यावर फ्लोर पुष्कळ खाली जातो.

याच ओघात चॅनेलच्या एलएलआरचं प्रमाणही बघून घ्या. गुणक वापरणारा मिन-सम सगळे एलएलआर दुप्पट केले तरी तोच निकाल देतो, म्हणून ‘मिन-समला गोंगाटाचा अंदाज लागत नाही’ असं म्हणतात. ते फ्लोटिंग पॉइंटपुरतं खरं. फिक्स्ड पॉइंटमध्ये जास्त गुणलं की सगळं मर्यादेला टेकतं, कमी गुणलं की लहान किमती शून्यात जातात. ऑफसेट मिन-सम तर फ्लोटिंगमध्येही प्रमाणावर अवलंबून असतो, कारण वजा होणारा आकडा ठरलेला असतो. प्रमाण दोन-तीन किमतींना बदलून बघायला फार वेळ लागत नाही. आणि हे फ्लोरच्या भागात करा, वर कोसळणाऱ्या भागात सापडलेलं उत्तम प्रमाण खाली उत्तम असतंच असं नाही.

मॅट्रिक्स दोषी ठरला तर

चौकडीची ही अडचण कोडच्या जन्मापासून ओळखीची नव्हती. गॅलागर यांनी एलडीपीसी कोड १९६० च्या सुमारास मांडले, पुढे तीसेक वर्षं ते अडगळीत होते, १९९० च्या दशकाच्या मध्याला पुन्हा वर आले, आणि संगणकावर खोलवर चाचण्या होऊ लागल्यावरच फ्लोर ठळक दिसायला लागला. ‘ट्रॅपिंग सेट’ हे नाव रिचर्डसन यांनी २००३ मध्ये दिलं. तोवर बराच काळ सगळा दोष लहान चक्रांच्या (एका बिटापासून कडांवरून निघून त्याच बिटाला परत येणाऱ्या वाटांच्या) माथी मारला जाई. लहान चक्रं वाईटच, पण प्रत्येक लहान चक्र सारखंच वाईट नसतं.

पहिली नजर दोन एके असलेल्या स्तंभांवर टाका. चक्रातले सगळे बिट अशाच स्तंभांचे असतील तर ते चक्र म्हणजे थेट कोडशब्द. १२ कडांचं चक्र असेल तर ६ वजनाचा कोडशब्द! असे स्तंभ चक्राविना मांडायचे तर त्यांची संख्या चेकच्या संख्येपेक्षा निदान एकाने कमी हवी, आणि त्यांची साखळी करणं ही नेहमीची सोय आहे. दुहेरी कर्ण असलेला पॅरिटीचा भाग तेच करतो आणि एन्कोडिंगही सोपं ठेवतो. ज्यांनी दर वाढवायच्या नादात दोनवाले स्तंभ माहितीच्या भागातही पेरलेत त्यांनी आधी इथेच शोधावं.

मिश्र स्तंभांच्या चक्रांसाठी एसीई नावाचं माप आहे. चक्रातल्या प्रत्येक बिटाच्या स्तंभातल्या एक्यांमधून २ वजा करायचे आणि बेरीज घ्यायची. बेरीज म्हणजे त्या चक्राला बाहेरून किती मदत मिळू शकते याचा अंदाज. कमी बेरजेची लहान चक्रं टाळायची, जास्त बेरजेची चालवून घ्यायची. प्रोग्रेसिव्ह एज ग्रोथ पद्धतीने (जमेल तितकं लांब चक्र राखत एकेक) कडा टाकताना दोन जागा सारख्याच लांबीचं चक्र देत असतील तर एसीईने निवड करा. संगणकाचा वेळ थोडा वाढतो, डिकोडरचा खर्च शून्य.

बहुतेक जण मात्र क्वासी-सायक्लिक मॅट्रिक्स (झेड × झेड आकाराच्या गठ्ठ्यांचा; प्रत्येक गठ्ठ्यात एक्यांचा कर्ण जितक्या जागा सरकवलेला, ती त्याची सरक) वापरतात, कारण हार्डवेअरला तेच सोयीचं. तिथे काम आणखी सोपं. चार कडांचं चक्र ओळखायची अट अशी की दोन ओळी आणि दोन स्तंभांतल्या चार सरकींची एकाआड एक बेरीज-वजाबाकी झेडने भागून शून्य उरते. झेड २७ आणि वरच्या ओळीत ५, ११, खालच्या ओळीत ८, १४ असेल तर ५ − ११ + १४ − ८ = ०. चक्र आहे, आणि एक नव्हे, २७ आहेत. १४ च्या जागी १५ लिहिलं की गेली. सहा कडांच्या चक्रांना तीन ओळी, तीन स्तंभ आणि सहा सरकी घेऊन हाच हिशेब.

नोंदवलेल्या फ्रेम इथे खऱ्या कामाला येतात. क्वासी-सायक्लिक कोडमध्ये प्रत्येक ट्रॅपिंग सेटच्या सरकवलेल्या झेड प्रती असतात. म्हणून चुकलेल्या बिटांचा प्रत्येक गट असा सरकवा की त्यातला पहिला बिट आपल्या गठ्ठ्यात शून्याच्या जागी येईल. मग सारखे गट एकत्र मोजा. पन्नास वेगवेगळ्या वाटणाऱ्या चुका तीन-चार प्रकारांत गोळा झालेल्या दिसतील. त्या प्रकारांच्या कडा कोणत्या सरकींमधून जातात ते बघा. एखादी सरक दोन-तीन प्रकारांत सामाईक निघते. तेवढीच बदला, चार आणि सहा कडांची तपासणी पुन्हा करा, सिम्युलेशन चालवा. पॅरिटीच्या कर्णाला हात लावू नका, नाहीतर एन्कोडर मोडेल आणि तो दिवस त्यातच जाईल.

स्तंभांत ३ ऐवजी ४ एके करणं हा थोडा दांडगा उपाय आहे. फ्लोर झपाट्याने खाली जातो, पण कडा एकतृतीयांशाने वाढतात आणि आलेखाचा कोसळणारा भाग थोडा उजवीकडे सरकतो. कमी गुंतागुंतीचा कोड हवा म्हणून सुरुवात केली असेल तर हा सौदा शेवटी ठेवा.

मॅट्रिक्स बदलायची मुभाच नसेल तर

मानकात ठरलेला कोड असला की मॅट्रिक्सला हात लावता येत नाही. तेव्हा दोन रस्ते उरतात.

बाहेरून दुसरा कोड. उपग्रह प्रक्षेपणाच्या डीव्हीबी-एस२ मानकात ६४८०० बिटांच्या एलडीपीसीबाहेर बीसीएच (ठरावीक संख्येपर्यंतच्या चुका नक्की सुधारणारा) कोड आहे, तो दराप्रमाणे ८, १० किंवा १२ चुका सुधारतो. दर १/२ ला ३२४०० पैकी १९२ बिट त्याच्याकडे जातात, नुकसान ०.०३ डेसिबलपेक्षाही कमी, जवळपास फुकट. म्हणून लोकांना वाटतं की हा उपाय सगळीकडे फुकट आहे. ६४८ बिटांच्या ब्लॉकला, दर १/२ ला, फक्त ३ चुका सुधारणारा बीसीएच लावा: ३२४ पैकी २७ बिट जातात आणि ०.३८ डेसिबल खर्ची पडतात. आखूड ब्लॉकला हे बहुतेक वेळा परवडत नाही. शिवाय नोंदी बघून चुकलेल्या माहिती-बिटांची संख्या खरंच तेवढी लहान आहे याची खात्री करा. दोलायमान प्रकारात पन्नास बिट चुकीचे असतील तर तीन चुका सुधारणारा कोड काय करणार?

दुसरा रस्ता अडकलेल्या फ्रेमवर थोडी ज्यादा मेहनत. १० गिगाबिट इथरनेटच्या तांब्याच्या तारेवरच्या मानकात (२०४८, १७२३) कोड आहे, म्हणजे २०४८ बिटांत १७२३ माहितीचे, स्तंभात ६ आणि ओळीत ३२ एके. त्याचा कुप्रसिद्ध गट (८,८): ८ बिट चुकीचे, ८ चेक असमाधानी. फ्लोटिंगमध्येही तो सहजासहजी सुटत नाही, आणि तिथे बिट चुकण्याचं प्रमाण १० च्या उणे १२ व्या घातापर्यंत नेणं भाग असतं. उपाय असा की फेऱ्या संपल्या आणि थोडेच चेक असमाधानी असले तर त्या चेकना जोडलेले बिट खुणावायचे, त्यांच्याकडे जाणारे असमाधानी चेकचे संदेश जोरदार करायचे आणि समाधानी चेकचे संदेश कमजोर करायचे. एक-दोन फेऱ्या तसं चालवून मग नेहमीचे नियम परत लावायचे. चौकडीचं आतलं एकमेकांना दुजोरा देणं तेवढ्या वेळेपुरतं तुटतं आणि बाहेरचा आवाज पोचतो. हे हजारो फ्रेममधून एखाद्या वेळीच चालतं, त्यामुळे सरासरी वेग किंवा वीज यांत फरक जाणवत नाही. वाईटातल्या वाईट फ्रेमचा वेळ मात्र वाढतो. तेवढा बफर ठेवा.

ओळी तपासण्याचा क्रम बदलून पुन्हा एकदा प्रयत्न करणं हा याचाच गरीब भाऊ. दोलायमान प्रकारात तो आश्चर्यकारक चालतो, स्थिर प्रकारात विशेष नाही.

पुनर्प्रक्षेपणाची सोय असलेल्या प्रणालीत यातलं काहीच करू नये असंही होतं. पहिल्या वेळेला दहात एक फ्रेम चुकली तरी चालतं अशा हिशेबावर जोडणी चालत असेल तर लाखात एकचा फ्लोर कुणाला दिसणारही नाही. तिथे काळजी फक्त न पकडल्या जाणाऱ्या चुकांची, आणि ते काम सीआरसीचं (चूक ओळखण्यासाठी जोडलेल्या बिटांचं). साठवणूक किंवा प्रकाशतंतूची बात वेगळी. तिथे परत पाठवायला सांगायची सोय नसते किंवा परवडत नाही.

एकदा घालवलेला फ्लोर परत येतो तेव्हा

बहुतेक वेळा झेड बदललेला असतो. एकाच मूळ मॅट्रिक्समधून वेगवेगळ्या लांबीचे कोड काढताना सरकी नव्या झेडने भागून बाकी घेतात. एखाद्या चक्राची बेरीज ५४ येत असेल तर झेड ८१ ला ती शून्य नाही, चक्र नाही. झेड ५४ किंवा २७ ला तीच बेरीज शून्य, चक्र हजर. म्हणून चक्रांची तपासणी प्रत्येक झेडसाठी स्वतंत्र चालवायला हवी.

नाहीतर दर जुळवताना न पाठवलेल्या बिटांची निवड बदललेली असते. एका चेकखाली असे दोन बिट आले की पहिल्या फेरीला तो चेक मुका. ५जीमध्ये पहिले दोन गठ्ठे मुद्दाम पाठवत नाहीत, पण ते फार जड स्तंभ आहेत आणि बाकीची रचना त्यांना सावरून घेण्यासाठीच केलेली आहे. हलक्या स्तंभांवर तीच युक्ती करून बघू नका. न पाठवलेले बिट एकमेकांनाच धरून बसलेला गट असेल, म्हणजे त्यांना जोडलेल्या प्रत्येक चेकला त्यातले दोन किंवा अधिक बिट लागत असतील, तर गोंगाट शून्य असला तरी ते परत मिळत नाहीत. हे तपासायला सिम्युलेशनही लागत नाही: न पाठवलेले बिट अज्ञात धरा, एकच अज्ञात असलेले चेक सोडवत जा, आणि शेवटी काही उरतं का बघा.

किंवा कुणीतरी जागा वाचवायला बेरजेच्या मेमरीतला एक बिट कापलेला असतो.

शेवटच्या दोन्हींसाठी नोंदवलेल्या फ्रेमची फाइल प्रोग्रॅमच्या भांडारातच ठेवा आणि रुंदी, न पाठवलेले बिट किंवा ओळींचा क्रम बदलणाऱ्या प्रत्येक बदलानंतर ती आपोआप चालेल अशी व्यवस्था करा. मॅट्रिक्स तोच असेपर्यंत पूर्वी सुटणारी फ्रेम अडकली की लगेच कळतं, कोट्यवधी फ्रेमची वाट बघावी लागत नाही. मॅट्रिक्स बदलला, मग तो झेड बदलल्यामुळे का असेना, तर ती फाइल निरुपयोगी. नव्या फ्रेम गोळा करा आणि गट पुन्हा पाडा.